दोन बिंदूंमधलं अंतर कॉम्प्युटरवर अचूक काढताना: सांगली-साताऱ्यातल्या नव्या मोजणीकरांसाठी आणि प्रोग्रामरसाठी

शेताच्या दोन कोपऱ्यांचे कोऑर्डिनेट हातात आहेत. सूत्र शाळेतलंच, पायथागोरसचं. तरीही ॲप बांधाची लांबी एक सांगतं, एक्सेल दुसरी आणि टेप तिसरी. ऊस नोंदीची ॲप लिहिणारे, द्राक्षबागांचे प्लॉट आखून देणारे, रोव्हरच्या, म्हणजे उपग्रहांवरून जागा अचूक टिपणाऱ्या यंत्राच्या, फाइलवरून नकाशे काढणारे कितीतरी जण आज मिरज, तासगाव, कराड, वाई भागात आहेत, आणि या ठिकाणी बहुतेक सगळे अडतात. मीही याच कामातून गेलो आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: चूक वर्गमुळात शोधू नका. बहुतेक वेळा ती त्याच्या आधी, आकडा साठवताना किंवा चुकीच्या क्रमाने वजाबाकी करताना, होऊन गेलेली असते. म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

लागणारं साहित्य

- रोव्हरची किंवा जीपीएसची मूळ फाइल. कुणीतरी एक्सेलमधून पुन्हा सेव्ह करून पाठवलेली नको, यंत्रातून निघालेलीच हवी.
- पायथन ३.८ किंवा त्यापुढचं, ३.१० किंवा पुढचं असेल तर उत्तम. सी, सी प्लस प्लस, जावा यांपैकी काहीही चालेल.
- एक स्प्रेडशीट, हाताने पडताळणी करायला.
- पडताळणीसाठी जास्त अंक धरणारं साधन. पायथनमधलं डेसिमल मॉड्यूल पुरतं.
- जागेचा सरकारी मोजणी नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, उपलब्ध असेल तर. हद्दीच्या वादात कायदेशीर मोजणी भूमी अभिलेख विभागाचीच धरली जाते. आपल्या ॲपचा आकडा फक्त आपल्या माहितीसाठी असतो, हे शेतकऱ्याला आधीच सांगा.
- तीस किंवा पन्नास मीटरचा स्टीलचा टेप.

१. तुमचे आकडे सिंगल आहेत की डबल, ते आधी बघा

कॉम्प्युटर दशांश आकडे बायनरीत ठेवतो आणि जागा ठरलेली असते. सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे साध्या ‘फ्लोट’मध्ये, २४ महत्त्वाचे बिट मिळतात. दशांशात सांगायचं तर साधारण सात अंक. डबलमध्ये ५३ बिट, म्हणजे पंधरा-सोळा अंक. हे नियम आयईईई ७५४ या मानकाने १९८५ मध्ये घालून दिले. त्या कामात विल्यम काहान यांचा वाटा सर्वांत मोठा होता आणि १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. २००८ आणि २०१९ मध्ये मानकात सुधारणा झाल्या, पण या दोन मापांचा गाभा तोच राहिला.

पायथनचा फ्लोट हा डबल असतो. सी, जावा आणि मायएसक्यूएलमधला फ्लोट हा सिंगल असतो. नाव एकच, वस्तू वेगळी. नवीन माणूस इथेच फसतो. ॲपमधला कोड डबलमध्ये असतो, पण डेटाबेसचा कॉलम कुणीतरी फ्लोट करून ठेवलेला असतो. अँड्रॉइडमध्ये अक्षांश-रेखांश डबलमध्ये मिळतात, पण दोन जागांमधलं अंतर देणारं तयार फंक्शन उत्तर सिंगलमध्ये देतं. उत्तर सिंगलमध्ये असणं एकवेळ चालतं. कोऑर्डिनेट सिंगलमध्ये असणं चालत नाही. का, ते पुढच्या पायरीत.

२. साठवताना किती हरवतं ते आपल्या भागाच्या आकड्यांवर तपासा

सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या, ४३ उत्तर झोनमध्ये येतात. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशाचा, मधली रेषा ७५ अंशांवर, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचा ईपीएसजी कोड ३२६४३. सांगली शहराजवळ ईस्टिंग (पूर्वेकडचं माप) साधारण ४,५५,००० मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं माप) १८,६३,००० मीटर येतं. साताऱ्याला ईस्टिंग ३,९३,००० च्या आसपास आणि नॉर्दिंग साडेएकोणीस लाखांच्या पुढे.

आता सिंगलचं गणित मांडा. १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या पट्ट्यात, म्हणजे दोनच्या विसाव्या आणि एकविसाव्या घाताच्या मध्ये, सिंगलमधले लागोपाठचे दोन आकडे एकमेकांपासून ०.१२५ ने दूर असतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची सगळी नॉर्दिंग याच पट्ट्यात येतात. ज्या पट्टीवर साडेबारा सेंटिमीटरलाच खुणा आहेत अशा पट्टीने बांध मोजण्यासारखं आहे हे. ईस्टिंगमध्ये ही पायरी, म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर, ३.१२५ सेंटिमीटरची असते, आणि जत तालुक्याच्या पूर्व भागात ईस्टिंग ५,२४,२८८ ओलांडलं की तीही दुप्पट होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण पट्टा सांगलीचाच आहे.

पहिला कोपरा: ईस्टिंग ४,५५,१२०.३४, नॉर्दिंग १८,६३,४१५.३१
दुसरा कोपरा: ईस्टिंग ४,५५,१५३.८१, नॉर्दिंग १८,६३,४३८.५७

डबलमध्ये फरक येतात ३३.४७ आणि २३.२६, आणि अंतर ४०.७५९ मीटर.

सिंगलमध्ये पहिलं नॉर्दिंग .२५ वर जाऊन बसतं आणि दुसरं .६२५ वर. त्यांचा फरक होतो २३.३७५, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर जास्त. ईस्टिंगचा फरक येतो ३३.४६८७५, जवळपास बरोबर. अंतर ४०.८२३ मीटर. चाळीस मीटरच्या बांधात साडेसहा सेंटिमीटरची चूक, आणि ती कुठलंही सूत्र वापरण्याआधीच झालेली. बांधावरून किती वाद कोर्टात जातात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दोन आकडे एकमेकांच्या दुपटीच्या आत असतील तर त्यांची वजाबाकी फ्लोटिंग पॉइंटमध्ये तंतोतंत होते. त्यात नवी चूक अजिबात शिरत नाही. पॅट स्टर्बेन्झ यांनी १९७४ मध्ये हे मांडलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. म्हणजे वजाबाकी दोषी नाही. साठवताना जे हरवलं ते ती फक्त उघडं पाडते. अठरा लाखांच्या आकड्यात साडेबारा सेंटिमीटर दिसत नाहीत. तेवीस मीटरच्या फरकात मात्र ते डोळ्यांवर येतात.

उपाय दोन. पहिला: कोऑर्डिनेट डबलमध्येच ठेवा. तिथे याच पट्ट्यातली पायरी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही लहान असते, चिंता संपली. दुसरा उपाय मोबाइलच्या ग्राफिक्ससाठी किंवा छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी, जिथे सिंगलशिवाय गत्यंतर नसतं. गावाचा किंवा गटाचा एक स्थानिक मूळबिंदू ठरवा, समजा ४,५५,००० आणि १८,६३,०००. डबलमध्ये तो वजा करा, आणि उरलेला छोटा आकडा सिंगलमध्ये ठेवा. ४१५.३१ सारख्या आकड्याला सिंगलमध्ये ०.०३ मिलिमीटरची पायरी मिळते. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सिंगल केलं आणि मग मूळबिंदू वजा केला, तर काहीच मिळवलं नाही.

३. फाइल लिहिताना आणि वाचताना अंक गळू देऊ नका

सी प्लस प्लसमध्ये काही न सांगता आकडा छापला तर सहाच महत्त्वाचे अंक येतात. १८,६३,४१५.३१ हे १.८६३४२ गुणिले दहाचा सहावा घात असं छापलं जातं, आणि ते परत वाचलं की पाच मीटर गेले. मायएसक्यूएलचा फ्लोट कॉलमही दाखवताना असंच करतो. डबल जसाच्या तसा परत मिळायला १७ महत्त्वाचे अंक लागतात, सिंगलला ९. नेमके तेवढे छापा. फाइल मोठी होईल म्हणून अंक कापू नका. ती जागा आज फुकटच आहे.

४. आधी वजाबाकी, मग वर्ग. हा क्रम कधीही उलटा करू नका

बीजगणितात (अ − ब)² आणि अ² − २अब + ब² एकच. कॉम्प्युटरवर ते एक नाहीत, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना माझ्या मते हीच आहे.

पसरलेलं रूप वापरलं तर आधी १८,६३,४१५ चा वर्ग होतो: साडेतीन लाख कोटींच्या आसपासचा आकडा. अशा दोन अवाढव्य आकड्यांच्या बेरजेतून जवळपास तेवढाच मोठा तिसरा वजा होतो आणि हातात शे-दोनशे, हजार-दोन हजार चौरस मीटर उरावेत अशी अपेक्षा असते. सिंगलमध्ये त्या उंचीवर लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर असतं २,६२,१४४ चौरस मीटर. हा ५१२ मीटरचा वर्ग आहे. म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आतलं कुठलंही अंतर निव्वळ गोंगाट. डबलमध्ये तीच पायरी चौरस मीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास येते, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरच्या खालचं काही भरवशाचं उरत नाही. भरीला उत्तर कधी कधी ऋण येतं. ऋण आकड्याचं वर्गमूळ म्हणजे ‘नॅन’ (आकडाच नसलेलं उत्तर), आणि ॲप बंद.

आता तुम्ही म्हणाल, असं पसरलेलं रूप कोण वापरतं? मशीन लर्निंगच्या लायब्रऱ्या वापरतात. हजारो बिंदूंची हजारो बिंदूंशी अंतरं एकदम काढायची असतील तर हे रूप मॅट्रिक्सच्या गुणाकारात बसतं आणि वेगाने चालतं. सायकिट-लर्नमधलं अंतरांचं फंक्शन हेच सूत्र वापरतं आणि त्याच्या माहितीपत्रात ही उणीव स्पष्ट लिहिलेली आहे. पायटॉर्चमधलं सी-डिस्टही एका बाजूचे बिंदू पंचवीसहून जास्त झाले की याच वाटेने जातं; तसं करू नकोस असं सांगायचा पर्याय त्यात आहे. या लायब्रऱ्या चांगल्या आहेत. पण तुमच्या प्लॉटचे यूटीएम कोऑर्डिनेट जसेच्या तसे त्यांच्यात ओतू नका. आधी सगळ्या बिंदूंचा मध्य काढा, तो वजा करा, मगच आत द्या. बिंदू थोडे असतील तर साय-पायचं सी-डिस्ट वापरा. ते आधी वजाबाकी करतं.

क्षेत्रफळालाही हाच नियम. गुंठे काढताना आपण कोपऱ्यांच्या कोऑर्डिनेटचे तिरपे गुणाकार करून वजा करतो. ईस्टिंग गुणिले नॉर्दिंग हा आकडा सिंगलमध्ये ६५,५३६ चौरस मीटरच्या पायरीने चालतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. हिशेब करा: पायरी झाली साडेसहाशे गुंठ्यांच्या जवळ, सोळा एकर! पहिला कोपरा सगळ्या कोपऱ्यांतून वजा करून मग गुणाकार केले की हा प्रश्न मुळापासून संपतो. कोडच्या दोन ओळी वाढतात, बाकी काही नाही.

५. अंशांवर पायथागोरस लावू नका

मोबाइल अक्षांश-रेखांश देतो. ते अंश आहेत, मीटर नव्हेत. सांगलीच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६.६ किलोमीटर आणि एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७. दोन बाजूंची एककंच वेगळी असतील तर कर्णाला अर्थ नाही.

गोलावरचं अंतर काढायला कोसाइनचं सूत्र पुस्तकांत असतं. जवळच्या बिंदूंसाठी ते टाळा. छोट्या कोनाचा कोसाइन एकच्या इतका जवळ असतो की अंक शिल्लकच राहत नाहीत. सिंगलमध्ये एकच्या खालचा पहिला आकडा घेतला आणि उलटा कोसाइन काढला, तर पृथ्वीवर ते अंतर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास निघतं. म्हणजे उत्तर एकतर शून्य, नाहीतर थेट सव्वादोन किलोमीटर. डबलमध्येसुद्धा ही पहिली पायरी साडेनऊ सेंटिमीटरची असते. हॅवरसाइन सूत्र कोनांच्या फरकाचा अर्धा घेऊन त्याच्या साइनवर चालतं, म्हणून त्यात ही पडझड होत नाही. तिथेही चौथ्या पायरीचाच नियम आहे: फरक आधी.

पण हॅवरसाइन पृथ्वी पूर्ण गोल मानतं. त्यातून अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. गावापासून कारखान्यापर्यंतचं अंतर दाखवायला ठीक, बांधासाठी नाही. बांधासाठी प्रोज लायब्ररीतून कोऑर्डिनेट यूटीएममध्ये बदला, किंवा व्हिन्सेंटी यांची १९७५ ची अथवा कार्नी यांची २०१३ ची पद्धत वापरा. दोन्ही लंबगोल पृथ्वीवर चालतात. अगदी समोरासमोरच्या, पृथ्वीच्या दोन टोकांवरच्या बिंदूंना व्हिन्सेंटीची पद्धत अडखळते, पण ते आपल्या कामात येत नाही.

अंश सिंगलमध्ये ठेवले तर काय होतं, तेही बघून ठेवा: सांगलीत रेखांशाची पायरी जमिनीवर ८१ सेंटिमीटर, अक्षांशाची २१ सेंटिमीटर.

६. साधं सूत्र कधी पुरतं आणि हायपॉट कधी हवं

फरक नीट निघाले, आता √(अ² + ब²). इथे मी तुम्हाला घाबरवणार नाही. दोन्ही वर्ग धन आहेत, त्यामुळे बेरजेत अंक एकमेकांना खात नाहीत. वर्गमूळ काढताना आधीची सापेक्ष चूक निम्मी होते. आणि वर्गमूळ बरोबर राउंड झालेलंच द्यायचं, ही सक्ती आयईईई मानकात आहे. आकडे मधल्या पट्ट्यातले असतील तर साध्या सूत्राची चूक शेवटच्या बिटच्या आसपासच राहते. जमिनीच्या मोजणीत डबलवर हे सूत्र निर्धास्त वापरा.

अडचण टोकाला येते. डबलमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा १.८ गुणिले दहाचा ३०८ वा घात. त्यामुळे दहाचा १५४ वा घात थोडा ओलांडला की वर्ग मावत नाही आणि अनंत मिळतं, जरी खरं अंतर सहज मावणारं असलं तरी. सिंगलमध्ये ही हद्द दहाच्या १९ व्या घाताच्या पुढे लगेच येते. हाफ प्रिसिजनमध्ये, म्हणजे १६ बिटच्या आकड्यात, सगळ्यात मोठा आकडाच ६५,५०४, म्हणजे २५६ चा वर्गसुद्धा मावत नाही. मोबाइलवर किंवा ग्राफिक्स कार्डवर न्यूरल नेटवर्क चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण तिथे हाफ सर्रास असतं. दुसऱ्या टोकाला, फार बारीक आकड्यांचे वर्ग शून्य होतात आणि दोन वेगळे बिंदू एकच आहेत असं उत्तर येतं.

पायथनमधला एक बारकावा: ३ गुणिले दहाचा २०० वा घात हा आकडा स्वतःशी गुणला तर निमूट अनंत मिळतं, पण वर्गासाठी घाताचं चिन्ह वापरलं तर ओव्हरफ्लोची एरर येऊन प्रोग्राम थांबतो. एकाच गणिताची दोन वागणुकी. मला स्वतःला थांबणारी जास्त आवडते.

या सगळ्यासाठी, दोन बाजूंवरून कर्ण काढणारं, हायपॉट नावाचं फंक्शन असतं. सी मध्ये ते १९९९ च्या मानकापासून आहे, सी प्लस प्लसमध्ये २०१७ पासून तीन मितींसाठीही. जावामध्ये त्याची चूक शेवटच्या एका एककाच्या आत राहील अशी हमी दिलेली आहे. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून. पायथन ३.८ मध्ये ते कितीही मितींसाठी चालू लागलं आणि दोन बिंदू थेट देऊन अंतर काढणारं ‘डिस्ट’ही तेव्हाच आलं, ३.१० मध्ये त्यांची अचूकता आणखी वाढवली. एक्सेलवाल्यांसाठी सम-एक्स-एम-वाय-टू हे फंक्शन आहे: ते आधी फरक, मग वर्ग, मग बेरीज अशाच क्रमाने जातं. त्याचं वर्गमूळ घ्या, झालं.

सगळ्यात जवळचा बिंदू शोधायचा असेल तर वर्गमूळ काढूच नका. वर्गांचीच तुलना करा. वेळ वाचतो आणि एक राउंडिंगही वाचतं.

७. स्वतः हायपॉट लिहायची वेळ आली तर

मायक्रोकंट्रोलरवर तयार फंक्शन नसलं तरच या वाटेला जा.

पुस्तकातली रीत अशी: दोन्ही फरकांची चिन्हं काढा, मोठ्याला म म्हणा, लहानाला ल. म शून्य असेल तर उत्तर शून्य. नाहीतर ल भागिले म हे गुणोत्तर काढा, त्याचा वर्ग एकमध्ये मिळवा, वर्गमूळ घ्या, म ने गुणा. ओव्हरफ्लो टळतो. पण भागाकार आणि शेवटचा गुणाकार आपापलं राउंडिंग घेऊन येतात, म्हणून साध्या पट्ट्यात ही रीत साध्या सूत्रापेक्षा किंचित वाईटच. हे पुष्कळ ठिकाणी सांगितलेलं नसतं. त्यापेक्षा म ने न भागता दोनच्या एखाद्या घाताने भागा. बायनरीत त्याने फक्त घातांक सरकतो, महत्त्वाचे अंक तसेच राहतात. आकडे टोकाचे असतील तेव्हाच हे करा, एरवी साधं सूत्र.

अनंत आणि नॅन आधी तपासा, आणि त्याच क्रमाने. दोन्ही फरक अनंत असतील तर गुणोत्तर नॅन होतं, उत्तर मात्र अनंत हवं. मानकाप्रमाणे एक बाजू अनंत आणि दुसरी नॅन असली तरी उत्तर अनंतच येतं: दुसरी बाजू काहीही असली तरी कर्ण अनंतच असणार.

प्रोसेसरला एफएमए असेल, म्हणजे गुणाकार आणि बेरीज मिळून एकच राउंडिंग करणारी सूचना, तर शेवटच्या बिटचीही दुरुस्ती होते. उत्तर काढल्यावर त्याच्या वर्गातून अ² आणि ब² वजा करून उरलेली बारीकशी चूक एफएमएने मोजायची, उत्तराच्या दुपटीने भागायची आणि उत्तरातून वजा करायची. कार्लोस बोर्जेस यांनी २०१९ मध्ये याच धर्तीवर मांडलेली पद्धत वाचण्यासारखी आहे. त्याआधी १९८३ मध्ये मोलर आणि मॉरिसन यांनी वर्गमूळ न काढताच कर्ण देणारी रीत दाखवली होती. दोन-तीन फेऱ्यांत ती उत्तरावर पोचते. मितींची संख्या हजारांत असेल तर जेम्स ब्लू यांची १९७८ ची पद्धत बघा. ती लहान, मध्यम आणि मोठ्या आकड्यांच्या बेरजा वेगळ्या ठेवते.

कंपायलरचा ‘फास्ट मॅथ’ पर्याय अशा कोडवर लावू नका. तो नॅन आणि अनंत येणारच नाहीत असं धरून तुमच्या तपासण्या काढून टाकू शकतो, आणि पुढच्या पायरीतली दुरुस्तीही पुसून टाकतो.

८. अनेक तुकड्यांची बेरीज

बांधाची किंवा रस्त्याची एकूण लांबी म्हणजे छोट्या अंतरांची बेरीज. ती डबलमध्ये करा. सिंगलमध्ये एकूण दहा लाख मीटरवर पोचली की पायरी सव्वासहा सेंटिमीटरची होते आणि तीन सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे मिळवूनही बेरीज हलत नाही. सेकंदाला दहा नोंदी घेणारं यंत्र हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरवर लावलं तर तुकडे एवढेच असतात. सिंगलच वापरावं लागलं तर काहान यांची १९६५ ची रीत वापरा: प्रत्येक बेरजेत गळलेला शेष वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपायचा आणि पुढच्या तुकड्यात मिसळायचा. पायथनमध्ये याहून पुढचं एफ-सम तयार आहे.

एक सापळा मात्र फ्लोटिंग पॉइंटचा नाही, तरी सांगतो. अंतर कधी ऋण नसतं. गाडी कारखान्याच्या गेटवर उभी असताना जीपीएस इकडेतिकडे हलत राहतं आणि ती हालचाल धनच होऊन बेरजेत साठते. थांबलेल्या वेळेतल्या नोंदी गाळल्याशिवाय वाहतुकीचे किलोमीटर लावू नका.

९. चाचण्या: कोड कुणाला देण्याआधी

- ३, ४ दिल्यावर ५; ५, १२ वर १३; २०, २१ वर २९.
- हेच ३ आणि ४ दहाच्या २०० व्या घाताने गुणून, आणि मग उणे २०० व्या घाताने. साधं सूत्र इथे अनंत आणि शून्य देईल, हायपॉट बरोबर देईल.
- दोन्ही शून्य; एक शून्य; अनंत; नॅन.
- बाजूंची अदलाबदल. उत्तर बदललं तर कंपायलर गुपचूप एफएमए वापरतोय. त्याने एका वर्गाचं राउंडिंग वगळलं, दुसऱ्याचं नाही. चूक बारीक असते, पण ‘समान आहे का’ अशी तपासणी कुठे असेल तर ती फसते.
- सरकवण्याची चाचणी, माझी सगळ्यात लाडकी. दोन बिंदू शून्याजवळ घ्या, अंतर काढा. मग दोघांत ४,५५,००० आणि १८,६३,००० मिळवा, पुन्हा काढा. उत्तर सेंटिमीटरमध्ये हललं तर वाटेत कुठेतरी सिंगल लपलेलं आहे किंवा पसरलेलं सूत्र आहे.
- शेवटी काही बिंदूंची उत्तरं डेसिमल मॉड्यूलमध्ये पन्नास अंकांवर काढून ताडून पाहा. कोऑर्डिनेट तिथे मजकूर म्हणून द्या. फ्लोटमधून दिले तर झालेली चूकच तुम्ही पन्नास अंकांपर्यंत जपाल.

१०. सगळं बरोबर असूनही टेप वेगळं सांगत असेल तर

दुसऱ्या पायरीतला बांध पुन्हा घ्या. डबलमध्ये ४०.७५९ आला. टेप नीट ताणून धरला तर जमिनीवर तो ४०.७८ च्या जवळ भरेल. हा फरक फ्लोटिंग पॉइंटचा नाही. यूटीएमची मधली रेषा ०.९९९६ या प्रमाणात आखलेली असते, म्हणजे तिथे जमिनीवरचा किलोमीटर नकाशात चाळीस सेंटिमीटर कमी दिसतो. सांगली शहराजवळ ही तूट किलोमीटरमागे ३७-३८ सेंटिमीटर, साताऱ्याजवळ २६ च्या आसपास, कारण सातारा मधल्या रेषेपासून दूर आहे. शिवाय सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्याचे किलोमीटरमागे आणखी आठेक सेंटिमीटर. चाळीस मीटरला मिळून जवळपास दोन सेंटिमीटर.

म्हणून कोडमध्ये ग्रिडवरचं, म्हणजे यूटीएमच्या नकाशावरचं, अंतर आणि जमिनीवरचं अंतर हे दोन वेगळे कॉलम ठेवा, गुणक त्या जागेच्या ईस्टिंगवरून आणि उंचीवरून काढा. एका तालुक्याचा गुणक दुसऱ्याला लावू नका. डोंगरउतार असेल, पाटण किंवा जावळीसारखा, तर उंचीचा फरक तिसरी मिती म्हणून घ्यायचा की आडवं अंतरच द्यायचं, हेही आधी ठरवा. मोजणी नकाशावर आडवंच अंतर असतं. आणि नकाशाच्या कोपऱ्यात झोन, डेटम (कोऑर्डिनेट पृथ्वीच्या कुठल्या आधारावर मोजले ते), अंतर ग्रिडचं की जमिनीचं, आडवं की उतारावरचं, एवढं स्पष्ट छापा.